द्वारकाआक्काची काळी टिकली

"हालू नका, न्हाईतर दोन मुंडके येतील."

हे कडूबाचं वाक्य. धावड्यात आणि आसपासच्या गावांत हे वाक्य न ऐकलेला माणूस सापडणं अवघड, आणि सापडलाच तर तो कालपरवा सोयरीक झालेला जावई असायचा. जत्रेत फोटो काढताना कडूबा असं म्हणायचा, ते एक ठीक होतं. पण न्हाव्यापुढे बसलेल्या पोराला तो हेच सांगायचा, धार काढताना म्हशीला हेच, आणि मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाआडून डोकावणाऱ्या नवरदेवालाही हेच. बायकोच्या, म्हणजे दैवशालाबाईच्या, पहिल्या बाळंतपणात तर त्याने दाराबाहेरून हेच वाक्य टाकलं. आतून सुईण गरजली, "आधी ह्या माणसाला कोणी तरी मारुतीच्या पारावर नेऊन बसवा!"

पोरगी एकाच मुंडक्याची झाली. अर्पिता तिचं नाव. ती आता जुन्या जालन्यात नांदते.

ऐन उमेदीत कडूबा जत्रांमधून झटपट फोटो काढायचा. जाळीच्या देवाची जत्रा, राजूरच्या गणपतीची जत्रा, जिथे गर्दी तिथे कडूबाचा पडदा. पडद्यावर विमान रंगवलेलं, पुढे इंजिन काढून घेतलेली एक मोटारसायकल, आणि तिच्या हँडलला सुतळीने बांधलेला काळा गॉगल. सुतळी अशासाठी, की गॉगल घालून फोटो काढला की माणसाला तो आपलाच वाटायला लागतो. कॅमेरा असा, की खटका दाबला की त्याच्या तोंडातून फोटो जिभेसारखा बाहेर यायचा. लोक त्याला जीभवाला कॅमेराच म्हणायचे. बाहेर आलेला फोटो आधी कोरा, मळकट. मग त्यात हळूहळू माणूस उगवायचा, पहाटे शेतातलं झाड दिसायला लागावं तसा. थंडीच्या दिवसांत कडूबा तो फोटो काखेत धरून ऊब द्यायचा. त्यामुळे तालुक्यातली निम्मी जनता कडूबाच्या काखेतून जन्माला आली, असं लोक म्हणायचे आणि कडूबा ते मान डोलावून मान्य करायचा.

एक होतं. ह्या फोटोला निगेटिव्ह नसायची. जो निघाला तो निघाला, जगात तसला दुसरा नाही. म्हणून कडूबाने आपली एक रीत ठरवून टाकली होती. माणूस उंच असो, बुटका असो, उभा असो की मोटारसायकलवर बसलेला असो, त्याचा चेहरा फोटोत ठरलेल्या एकाच जागी आला पाहिजे. मधोमध आणि थोडा वर. त्यासाठी तो स्वतः वाकायचा, गुडघ्यावर बसायचा, कधी पालथ्या घमेल्यावर उभा राहायचा. त्याचे कुठलेही दोन फोटो एकमेकांवर ठेवावेत, कपाळावर कपाळ बसणारच. ह्याचा त्याला फार अभिमान होता आणि तो त्याने कधी लपवला नाही.

जत्रा राहिल्या, जीभवाला कॅमेरा गेला. त्याची फिल्म मिळेनाशी झाली, आणि पुढे माणसागणिक खिशात मोबाइल आला. कडूबा कापसाकडे वळला. पण घरोघरी पेटीत, देव्हाऱ्यात, आरशाच्या फटीत खोचलेले त्याचे फोटो हळूहळू फिके पडायला लागले. लोक मोबाइलने त्या फोटोचा फोटो काढायचे, तर त्यात आजोबांच्या छातीवर ट्यूबलाइट उगवायची. शेवटी अर्पिताने आपल्या झेरॉक्सच्या दुकानातला जुना स्कॅनर आणि तसलाच जुना लॅपटॉप बापाला आणून दिला. चपटी पेटी, वर झाकण, आत काच. फोटो पालथा ठेवायचा, झाकण लावायचं, की खालून उजेड घर्र करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो आणि माणूस लॅपटॉपात उतरतो.

तेव्हापासून दैवशालाबाईच्या घरात सवत आली.

सवत मधल्या खोलीत लोखंडी पेटीवर बसली. तिच्यावर दैवशालाबाईच्या ठेवणीतल्या रुमालाचं पांघरूण आलं. ती चालू असताना घरात झाडायचं नाही, कारण धूळ. फोडणी द्यायची नाही, कारण वाफ. मिक्सर तर बिलकुल लावायचा नाही.

"काहून?" दैवशालाबाईने एकदा विचारलं.

"लाइट दबती. आजोबा कमरेपर्यंतच येतात."

"यिऊ द्या की. खालचं धोतर कोणाला पाहायचं हाय?"

पण कडूबाला विनोद चालायचा नाही, निदान त्या पेटीपुढे तरी. तो हात धुवायचा, पुसायचा, मग मलमलच्या फडक्याने काच पुसायचा. हे फोटो गुळगुळीत असतात. ते काचेला थेट चिकटले तर त्यात तेल सांडल्यासारखे रंगीत गोल उमटतात. म्हणून त्याने पुठ्ठ्याची एक चौकट कापून काचेवर कायमची चिकटवली होती. फोटो तिच्यावर टेकायचा, काचेपासून केसभर वर. सगळे फोटो एकाच मापाचे, चौकट एकच, जागा एकच.

आणि दुसरा नियम असा की फोटोत काही वाढवायचं नाही आणि काही काढायचं नाही. लोक नाना मागण्या घेऊन यायचे. कोणाला बापाच्या डोक्यावर गुलाबी फेटा पाहिजे, कोणाला पळून गेलेली भावजय पुसून पाहिजे. कडूबा लॅपटॉपचं तोंड मिटून सांगायचा, "जे हाय ते हाय. म्या माणसं उतरवतो, घडवत न्हाई. घडवणारा वर बसलाय, त्याच्याकडं जा."

आता दसऱ्याची गोष्ट. सोयाबीन निघालं होतं, रानात कापूस फुटून पांढरा झाला होता. दसऱ्याला माणूस आपापल्या हत्याराची पूजा करतो. कडूबाने कोयता, वखर आणि मोटारसायकल पुजली, स्कॅनरच्या झाकणावर झेंडूचं फूल ठेवलं, आणि तो सोनं वाटायला गावात गेला. मागे दैवशालाबाई हातात हळदकुंकवाचं ताट घेऊन पेटीपुढे उभी राहिली. तिला ते पटेना. जो उजेड माणसं उतरवतो तो आत, आणि पूजा झाकणाची? देवळाच्या दाराला हळदकुंकू वाहून कोणी माघारी फिरतं का? काचेला हात लावायचा नाही अशी तिला सक्त ताकीद होती. पण देवाच्या कामात नवऱ्याची ताकीद पाळायची नसते. तिने झाकण उघडलं, सवतीला आतल्या कडेने हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि झाकण हळूच लावून टाकलं. तिचं बोट समईच्या तेलाचं होतं. त्या बोटावरून खसखशीच्या दाण्याएवढं ओलं कुंकू काचेवर पडलं आणि वाळून बसलं. ते तिने पाहिलं नाही. कडूबाने दुसऱ्या दिवशी कडेचं हळदकुंकू पाहून बायकोला चार शब्द सुनावले, कड पुसली, काच पुसली, पण तो दाणा त्यालाही दिसला नाही. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. गावात शिबिर झालं तेव्हा सगळ्यांनी ऑपरेशन करून घेतलं. हा म्हणाला होता, "ज्यानं तालुका पाह्यला त्याचे डोळे कोण तपासणार?"

त्याच आठवड्यात द्वारकाआक्का आली.

आक्का कडूबाच्या शेजारच्या आळीतली, त्याच्यापेक्षा चार पावसाळे मोठी, ताठ, बोलायला कातरीसारखी. मागे तिचा पोरगा राधेश्याम, तोंड आंबट करून. आक्काने पदराच्या गाठीतून फोटो काढला. मोटारसायकलवर बसलेली एक कोवळी बाई, दोन्ही हात हँडलवर, डोळ्यांवर काळा गॉगल, डोक्यावरचा पदर घसरलेला.

"कडूबा भाऊ, ह्याला मोठा करायचाय. म्या गेल्यावर भिंतीवर हाच लावायचा. आधार कार्डावरचा लावला तर म्या भूत होऊन यीन."

"आई, लोक हसतील," राधेश्याम म्हणाला. "दहाव्याला पाव्हणे येतील आन भिंतीवर तू मोटारसायकल चालवून राह्यलीस!"

"म्या मेलेली आसंन. मला काय ऐकू येणार हाय?"

"आन डोळे? गॉगलात डोळेच न्हाईत. कोणाला ओळखू येशील?"

"मला येते ना ओळखू. बस झालं."

कडूबाने हात धुतले. काच पुसली. फोटो चौकटीवर पालथा ठेवला, म्हणाला, "हालू नका," आणि आक्का खरोखरच श्वास रोखून उभी राहिली. घर्र करत उजेड गेला. लॅपटॉपात मोटारसायकल आली, मग आक्का आली. पार पिवळट पडलेल्या त्या चेहऱ्यावर, कपाळाच्या बरोबर मधोमध, लालभडक कुंकू होतं.

"बघा!" राधेश्यामचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. "कुंकू कसं ठसठशीत आलं! हे झकास."

आक्का पुढे वाकली. शिबिरातल्या ऑपरेशनपासून तिला उडत्या माशीचे पायही दिसायचे. "लाल काहून हाय? म्या काळी टिकली लावली व्हती. हे पाहा फोटोत. काळी हाय."

"आई, फोटो जुना हाय. तुला काय दिसतंय?"

"तुझ्यापेक्षा चांगलं दिसतंय. भाऊ, सांगा तुमी."

कडूबाने फोटो डोळ्यांपुढे धरला. त्याला तिथे काळं, लाल काहीच दिसलं नाही, नुसतं धुकं दिसलं. पण मला दिसत नाही असं म्हणणं त्याच्या जिभेला माहीत नव्हतं. तो गंभीरपणे म्हणाला, "आक्का, जुन्या फोटोत रंग फिरतात. वरून काळा झालेला रंग मशीन मुळापासून उचलतं. मशीन खोटं बोलत न्हाई."

आक्काने त्याच्या हातातला फोटो काढून घेतला. "भाऊ, म्या जल्मात काळ्याचं पांढरं झालेलं पाह्यलं. काळ्याचं लाल झालेलं न्हाई पाह्यलं." आणि फोटो पदरात बांधून ती निघून गेली. राधेश्यामने मात्र तो लाल कुंकवाचा फोटो मोबाइलमध्ये घेतला आणि फ्रेम करून घ्यायला खुशीत भोकरदन गाठलं.

चुलीपाशी बसून दैवशालाबाईने हे सगळं ऐकलं होतं. आक्काचं तोंड तिला बरं दिसलं नाही. बाईला स्वतःच्या कपाळावर काय होतं तेही आठवत नसेल का? पण मशीन म्हणतंय, नवरा म्हणतोय, पोरगा म्हणतोय. तिघांपुढे एक बाई. दैवशालाबाईने फुंकणी उचलली आणि विषय चुलीत घातला.

त्यानंतर भुजंग पहेलवान आला. त्याच्या वडिलांच्या फोटोत कपाळी लाल टिळा उमटला. भुजंगला गहिवरून आलं. "बाप माझा भक्त माणूस व्हता," म्हणत त्याने तो टिळा मोबाइलवरून सगळ्या गावाला पाठवला. आणखी दोघं-तिघं आले, त्यांचेही वाडवडील गंध लावून निघाले. कडूबाचं मशीन विटलेलं कुंकू परत आणतं अशी बोलवा झाली. कडूबाने ती बोलवा अडवली नाही.

मग एका दुपारी राजानंद सर आले. शाळेत शिकवतात, बोलणं हळू आणि मोजकं. त्यांनी वहीच्या कागदात गुंडाळलेला वडिलांचा फोटो दिला. घर्र झालं. सरांनी लॅपटॉपकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. परत पाहिलं.

"काका, माझ्या वडिलांच्या कपाळाला हे काय हाय?"

"गंध दिसतं," कडूबा म्हणाला. "मुळातलं आसंन. मशीन मुळातून उचलतं."

"काका, छप्पन साली आजोबांनी घरातले देव गंगेला दिले. वडील तवा पोरगं व्हते. तवापासून मरेपर्यंत त्या माणसानं कपाळाला कायबी लावलेलं न्हाई. घाम आला तरी पुसायचा तो लगेच." सर रागावले नव्हते. उलट त्यांच्या ओठात हसू दबलं होतं. "मशीननं मुळातून उचललं आसंल, पण ते मूळ आमचं न्हाई."

चुलीपाशी दैवशालाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. तिच्या डोळ्यांपुढे ताट आलं, उघडं झाकण आलं, समईचं तेल आलं. ती उठली, पदराला हात पुसत आली, नवऱ्याला काही न विचारता तिने झाकण उघडलं आणि काचेवर अलगद नख फिरवलं. नखाच्या टोकाला कुंकू.

"हे घ्या तुमचं मूळ," ती म्हणाली.

कडूबाने तिचं बोट धरून डोळ्यांजवळ नेलं, इतकं जवळ की नाकाला कुंकू लागलं. "हे कधीचं?"

"दसऱ्याचं. कडेला लावलेलं तुमी पुसलं. आत पडलेलं मला दिसलं न्हाई, आन तुमाला तर काच बी दिसत न्हाई."

"आन सगळ्यांच्या कपाळावरच कसं गेलं मंग? कोणाच्या कानावर, कोणाच्या टाचेवर जायला काय झाल्तं?"

"तुमीच म्हणता ना, माझा कोणताबी फोटो घ्या, कपाळावर कपाळ बसतं? बसलं बराबर."

राजानंद सरांना हसू आवरेना. ते उठून दाराशी गेले, बाहेर कोंबड्या पाहण्याचं सोंग करत उभे राहिले. कडूबाने काच पुसली. मग बायकोला पुसायला लावली. मग सरांचा फोटो परत ठेवला. सरांचे वडील स्वच्छ कपाळाने आले. सरांनी ते मोबाइलमध्ये घेतलं, म्हणाले, "आता हे आमचे."

सर गेले तरी कडूबा पेटीपुढे बसूनच होता. जेवण नको म्हणाला. दैवशालाबाईला वाटलं आता आपल्यावर गरजणार. पण तो हळूच म्हणाला, "आक्का म्हणत व्हती काळी. म्या तिला म्हणलं, मशीन खोटं बोलत न्हाई."

"मशीन बोललंच न्हाई. तुमीच बोलले."

"राधेश्यामनं भोकरदनहून फ्रेम आणली म्हणतात."

"आणली. म्या पाह्यली काल. मोटारसायकल कापून टाकलीया. मागं तुळशीवृंदावन बसवलंय. गॉगल तेवढा राह्यला, कारण खाली डोळेच न्हाईत. आन कुंकू नाण्याएवढं झालंय."

कडूबा उठला. आजवर तो फोटोसाठी कोणाच्या दारी गेला नव्हता, लोकच त्याच्या दारी येत आले. त्याने स्कॅनर गोधडीत गुंडाळला, नवजात वासरू उचलावं तसा खांद्यावर घेतला. दैवशालाबाईने लॅपटॉप पदराखाली धरला आणि दोघं निघाले.

आक्काच्या ओसरीत फ्रेम भिंतीवर लागलीच होती. राधेश्यामने जागा कशी दिसते ते पाहायला आधीच लावून ठेवली होती. आक्का खाली बसून वाती वळत होती, फ्रेमकडे पाठ करून.

"या भाऊ," ती म्हणाली. "ही कोण बाई माझ्या घरात आणून बसवली, तिची वळख करून द्या. चार दिस झाले, बोलत न्हाई. गॉगल घालून तुळशीला पाणी घालती."

कडूबाने स्कॅनर धान्याच्या कोठीवर ठेवला. राधेश्याम आतून आला. कडूबाने त्याच्यादेखत खणखणीत आवाजात सांगितलं, "आक्का, तुमचं बराबर व्हतं. टिकली काळीच व्हती. काचेवर कुंकू पडल्तं आन मला दिसलं न्हाई. मला काहीच दिसत न्हाई आताशा. फोटो द्या."

ह्या माणसाच्या तोंडून हे वाक्य येईल असं दैवशालाबाईला लग्नापासून वाटलं नव्हतं. तिने नुसता वायर खोचायला बोर्ड शोधला.

घर्र झालं. मोटारसायकल आली, घसरलेला पदर आला, गॉगल आला, आणि कपाळावर एक बारीक काळी टिकली, उडदाच्या टरफलाएवढी.

राधेश्याम म्हणाला, "पण काका, लाल बरी दिसत व्हती. काळी टिकली फोटोला कशी दिसंल? पाव्हणे काय म्हणतील? एवढ्या तेवढ्यानं काय बिघडतं?"

आक्काने वाती बाजूला ठेवल्या. "राधे, तो गॉगल कोणाचा?"

"कडूबा काकाचा."

"मोटारसायकल?"

"त्यांचीच."

"लुगडं मोठ्या जावेचं व्हतं, जत्रेपुरतं मागून नेसल्तं. तुझा बाप पडद्यामागं माझ्या वहाणा धरून उभा व्हता, तो फोटोत न्हाई. ती टिकली म्या बांगडीवाल्याकडून घेतली. कोणाला न इचारता, माझी मी निवडून. तशी फॅशन नवी निघल्ती. घरी आल्यावर सासूनं ती कपाळावरून उचकटून चुलीत टाकली. त्या अख्ख्या फोटोत माझं म्हणावं असं तेवढंच हाय, आन तेवढंच तुमी झाकलं."

बाहेर कापूस भरलेला टेंपो गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत राधेश्याम लॅपटॉपकडे पाहत राहिला. मग त्याने स्टूल ओढलं, त्यावर चढला आणि खिळ्यावरून फ्रेम उतरवली. "हे कधी सांगितलं न्हाईस आई."

"तू इचारलं कधी? तुला मोटारसायकलच दिसली."

"मंग मोटारसायकल बी राहू द्यायची?"

"टिकली कशावर बसवतो मंग, हवेत?"

दैवशालाबाईला हसू फुटलं, मग आक्काला, आणि शेवटी राधेश्यामलाही, फ्रेम छातीशी धरून स्टुलावर उभ्या उभ्या. कडूबा मात्र हसला नाही. तो वायर गुंडाळत होता.

"चहा घ्या भाऊ."

"मंग घेतो. भुजंगाकडं जातो आधी. त्याच्या बापाला बी गंध लागलंय. मंग त्या बाकीच्यांकडं."

"अवो, भुजंगला ते गंध आवडलंय," दैवशालाबाई म्हणाली. "गावभर पाठवलंय त्यानं. राहू द्या की. कशाला पहेलवानाच्या तोंडी लागता?"

"त्याला आवडलं म्हणून त्याच्या बापानं लावल्तं का?" कडूबाने गोधडी बांधली, स्कॅनर खांद्यावर घेतला, बायकोच्या पदराखालचा लॅपटॉप काखेत मारला. "तू घरी जा. भाकर टाक. आता भूक लागली."

तो ओसरीवरून उतरला आणि पहेलवानाच्या आळीकडे चालायला लागला. रस्त्यातला दगड त्याला दिसला नाही, ठेचकाळला, दगडालाच काहीतरी बोलला आणि पुढे गेला. गोधडीतून सुटलेली वायर त्याच्या मागे धुळीत रेघ ओढत होती, आणि एक कुत्रं त्या रेघेवरून हुंगत चाललं होतं. दाराच्या एका बाजूला द्वारकाआक्का आणि दुसऱ्या बाजूला दैवशालाबाई टेकून उभ्या होत्या. तो वळणावरच्या निंबामागे दिसेनासा झाला तरी दोघी तिकडेच पाहत होत्या.